फोटोत काही नाही

मी नोकरीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यांत एक्स-रे काढण्यात घालवली. आमच्या भागात एक्स-रेला एक्स-रे म्हणत नाहीत, फोटो म्हणतात. म्हणून मी फोटोवाला. पांढरकवड्याच्या पुढच्या पट्ट्यात, महामार्गापासून थोडं आत असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी सगळ्यांत जास्त काळ होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांतली बरीच माणसं अजून तिथंच राहतात.

कापसानं सगळ्यांना खाली बसवलं, ती वर्षं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं यवतमाळचं नाव तेव्हा रोज पेपरात असायचं. लाल दिव्याच्या गाड्या आमच्या दवाखान्यासमोरून धूळ उडवत जायच्या, कॅमेरेवाले यायचे आणि चहाच्या टपरीवर विचारायचे, इथं जवळ कोणतं गाव आहे, कोणाच्या घरी झालं? आमच्या दवाखान्यातही ते दिवस वाईट होते. विषबाधेची माणसं यायची, काही वाचायची, काही नाही. माझी खोली कोपऱ्यात होती. एक जुनं मशीन, शेजारी काळोखी खोली, तिथं लाल दिव्यात फिल्म धुवायची आणि बाहेर तारेवर वाळत घालायची. लोडशेडिंग इतकं, की लाइट असेल तेवढ्या वेळात दिवसाचे सगळे फोटो उरकावे लागत.

ती बाई आली तेव्हा दिवाळी होऊन महिना झाला असेल. वेचणीचा हंगाम. त्या दिवसांत अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी बाई मजुरी पाडून दवाखान्यात येत नाही. ती दारात उभी राहिली. पस्तीसेक वर्षांची, उंच, एका बाजूला किंचित झुकलेली. हातात खताच्या थैलीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"चिठ्ठी आणली का?" मी विचारलं.

"फोटो काढाचा नाही, भाऊ. वापस कराचा हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं थैलीतून फिल्म काढून टेबलावर ठेवली. कमरेच्या मणक्याची, समोरून काढलेली. कडा पिवळट झालेल्या, वरच्या कोपऱ्याला खिळ्याचं भोक.

"हा तुमीच काढलता ना?"

कोपऱ्यातला नंबर माझ्याच शिशाच्या अक्षरांनी उमटवलेला होता. मी हो म्हटलं.

"मंग घ्या. मले नाही पाह्यजे. ह्या फोटोनं मले खोटी पाडलं."

मी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. "बसलं का आग होते," म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी वेचणीहून परत येताना डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तिचा पाय घसरला. ती बसल्यासारखी आदळली. तेव्हा उठून चालत घरी आली. आठ दिवसांनी डाव्या कमरेपासून टाचेपर्यंत जे सुरू झालं, ते थांबलंच नाही. "पायात वल्ल्या मिरच्या भरल्यावानी," असं ती म्हणाली. नवऱ्याबरोबर आमच्याकडे आली, मी फोटो काढला, डॉक्टरांनी तो उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाले, "फोटोत काही नाही." गोळ्या दिल्या, मलम दिलं. नवरा ते वाक्य घरी घेऊन गेला. सासूनं फिल्म दाराच्या मागं खिळ्याला टांगून ठेवली. सून वेचणीला काहून येत नाही, असं कोणी विचारलं की ती फिल्म काढायची, अंगणात उन्हाला धरायची आणि म्हणायची, पाहा, दिसते का काही? हळूहळू बरोबरीच्या बायाही म्हणू लागल्या की हिला कामाचा कंटाळा आहे. मग पाय टेकवत नसतानाही ती वेचायला जाऊ लागली.

"भाऊ, एक विचारू? तुमच्या फोटोत सगळं दिसते का?"

"हाडं दिसतात."

"आन शिरा?"

"शिरा नाही दिसत."

"मास?"

"ते पण नाही. म्हणजे नसल्यासारखंच."

"मंग 'काही नाही' कसं म्हनलं साहेबानं?"

इतक्या वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. आम्ही रोज म्हणायचो. हाड मोडलेलं नसलं की काही नाही. तेवढंच आम्हाला अभिप्रेत असायचं, पण ऐकणारा काय घेऊन घरी जातो, ते मी कधी पाहिलं नव्हतं.

"हेच मले कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "का फोटोत नाही दिसत, पन दुखते."

"मला अधिकार नाही, बाई. मी फक्त फोटो काढतो."

"मंग कोनाले हाय?"

मी म्हटलं, विचारून सांगतो, पुढच्या गुरुवारी या. गुरुवारी आमच्या गावचा बाजार असतो. ती गेली, फिल्म माझ्या टेबलावर राहिली.

मी असं का म्हटलं, ते सांगितलं पाहिजे. एरवी मी कोणासाठी डॉक्टरांच्या खोलीत जाणारा माणूस नव्हतो.

माझी माय दिग्रसकडच्या एका खेड्यात राहायची. आमची थोडी शेती होती, कापूस आणि तूर. मला नोकरी लागून काही वर्षं झाल्यावर तिला मी हौसेनं माझ्या दवाखान्यात आणलं. रांगेत न बसवता थेट माझ्या खोलीत. दोन्ही गुडघे आणि कंबर, तिन्ही फोटो मीच काढले. फिल्म ओलीच होती, ती खिडकीशी धरून मी हसत म्हणालो, "माय, तुझी हाडं माझ्याहून चांगली आहेत. काही नाही झालं तुला." ती म्हणाली, "बरं झालं, बापा." त्यानंतर ती सहा वर्षं जगली आणि त्या सहा वर्षांत माझ्यासमोर तिनं दुखण्याचं नाव काढलं नाही. मी समजत होतो तिला बरं वाटलं. ती गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी भांडी आवरताना माझी बहीण सहज बोलून गेली, की सकाळी उठल्यावर माय भिंतीला धरून सरकत न्हाणीपर्यंत जायची, तासभर तिला सरळ उभं राहता येत नसे. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? बहीण म्हणाली, "तिनंच सांगू दिलं नाही. म्हणे, पोरगा शिकेल हाय, तो म्हणते काही नाही, मंग काही नसनच."

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आमचे मोठे डॉक्टर वाईट नव्हते. त्या वर्षांत त्यांनी जितकी माणसं वाचवली तितकी मी कोणाला वाचवताना पाहिलं नाही. मी फिल्म घेऊन गेलो तेव्हा ते नुकतेच एका विषबाधेच्या पोरापासून उठून आले होते. हातमोजेही काढले नव्हते. मी सांगितलं. ते म्हणाले, "सकाळपासून दोघं आलेत औषध पिऊन. एक राहील असं वाटत नाही. आणि तुम्ही मला कंबरदुखीचा दाखला मागता?"

मी फिल्म खाली घेतली.

"एकीला दिला तर उद्या सगळ्या येतील," ते म्हणाले, आणि बेसिनकडे वळले.

त्यांचं बरोबरच वाटलं मला. गुरुवारी मी तिला तसं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "येईन मी अजून." आणि दर गुरुवारी बाजार झाल्यावर ती यायची. पिशवी भिंतीला टेकवायची, माझ्या खोलीबाहेर उभी राहायची. कधी काही मागायची नाही. मला मात्र तिच्यासमोर कोणाला "फोटोत काही नाही" म्हणवेना. मी म्हणू लागलो, "हाड मोडलं नाही. दुखणं दुसऱ्या कशाचं असेल, डॉक्टरांना नीट सांगा." तेवढंच मी करू शकत होतो.

संक्रांतीनंतर एक नवीन डॉक्टर मॅडम आल्या. शिक्षणानंतरच्या सरकारी सेवेच्या बाँडवर, वर्षभरासाठी. कोल्हापूरकडच्या, वय सव्वीस-सत्तावीस. आमची भाषा त्यांना कळायची नाही. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी "टोंगळा दुखते" म्हणाली तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गुडघा, मॅडम," मी म्हटलं. त्या दिवसापासून शब्द अडला की त्या मला हाक मारायच्या. एका गुरुवारी त्यांनीच विचारलं, "त्या बाई दर आठवड्याला तुमच्या दाराशी का उभ्या असतात?"

मॅडमनी तिला आत नेलं. मला वाटलं पाच मिनिटं लागतील. अर्धा तास लागला. तिला टेबलावर आडवं करून एकेक पाय उचलून पाहिला, टाचणीनं पायाला कुठं कळतं, कुठं कमी कळतं ते पाहिलं, अंगठा वर ओढायला सांगितला. डावा अंगठा तिला नीट ओढता येत नव्हता. दोन वर्षांत हे कोणी पाहिलंच नव्हतं. मॅडमनी केसपेपर बाजूला ठेवला, साधा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं. फोटोत फक्त हाडं दिसतात. नस दबली तर ती फोटोत दिसत नाही. या बाईंची डाव्या पायाकडं जाणारी नस दबल्याची लक्षणं तपासणीत आहेत. त्यांचं दुखणं खरं आहे. वाकून काम करणं आणि डोक्यावर ओझं घेणं बंद करावं. खाली सही, शिक्का.

बाई सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनं कागद उभ्यानं वाचला, ओळीवर बोट ठेवून. "त्यांचं दुखणं खरं आहे" इथं थांबली आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. मग परत वाचली. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. कागदाची घडी करून तिनं ब्लाउजमध्ये ठेवली.

"भाऊ, घरी येऊन तुमी वाचून दाखवान का?" तिनं मला विचारलं. "माह्या तोंडून आयकनार नाहीत ते."

रविवारी दुपारी मी मोटारसायकलनं तिच्या गावी गेलो. विहारामागची वस्ती, शेवटचं घर. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली खाटेवर नवरा. सासू दाराशी तूर पाखडत होती. मी सांगितलं मी कोण ते. सासू म्हणाली, "वळखते मी. तुमीच काढलता फोटो." मी कागद वाचला. मग नवरा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, आमाले काय समजते? तुमीच म्हनलतं काही नाही म्हणून."

"हो," मी म्हटलं, "आम्हीच म्हटलं होतं. ती चूक आमची. यांची नाही."

असं मी आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर म्हटलं असेल. नवऱ्यानं मान हलवली. पण सासूनं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला.

"नस दबली म्हनते. कागद आनला. माहे टोंगळे वीस वर्सं झाले सुजतेत. सकाळी उठता येत नाही मले. पाय मुडपता येत नाही. म्या कोनाले सांगतलं? मले कोनं कागद देल्ला?"

मला माझ्या बहिणीचे शब्द आठवले. सून आतून पाणी घेऊन आली होती. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि सासूकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मले कधी बोलल्याच नाही तुमी."

"तू तरी कुठं इच्यारलं?" म्हातारी म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा सूप उचललं.

तीन-चार गुरुवारांनंतर सून तिला काळीपिवळी जीपमध्ये बसवून घेऊन आली. म्हातारी फोटोला तयार नव्हती. "मले नाही काढाचा," म्हणत होती. मॅडम म्हणाल्या, "नका काढू. आधी मला सांगा." तिनं सांगितलं. वीस वर्षांचं सांगायचं होतं, वेळ लागलाच.

मोठे डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. सगळ्या आल्या. बातमी वेचणाऱ्या बायांच्या टोळ्यांमधून फिरली, की अमक्या दवाखान्यात एक मॅडम आहे, ती फोटो न पाहता विश्वास ठेवते. चैत्रापर्यंत दर गुरुवारी माझ्या खोलीबाहेरचा बाक भरू लागला. बाजाराच्या पिशव्या, लेकरं, कांद्याचा वास. बहुतेकींना तसाच कागद पाहिजे होता. मॅडम सगळ्यांना देत नव्हत्या. आधी तपासायच्या. एकीच्या मणक्यात क्षय निघाला, तिला यवतमाळला पाठवलं. दुसरीची साखर वाढलेली होती, म्हणून पाय जळत होते. पण बऱ्याच जणी अशा होत्या की त्यांच्या दुखण्याला एकच एक कारण सापडत नव्हतं, आणि दुखणं तर समोर बसलेलं. त्यांना मॅडम स्पष्ट सांगायच्या, "हे पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. कमी करता येईल, सांभाळता येईल." हे ऐकून एक बाई उठून गेली, ती पुन्हा आली नाही. मला ते लागलं. मॅडमना म्हटलं, थोडं गोड बोलायला काय जातं? त्या म्हणाल्या, "खोटं बोलले तर त्यांच्या घरच्यांत आणि माझ्यात फरक काय?"

मॅडम ओपीडी संपल्यावर दोन वाजता बसायच्या. तोपर्यंत बाकापाशी उभी राहून ती उंच बाई बायांना तयार करायची. तयार म्हणजे बोलायला शिकवायची. मी आत फिल्म टांगताना ऐकायचो.

"'अंग दुखते' म्हनाचं नाही. मंग ते गोळी देऊन वाटेले लावतेत. कुठं दुखते ते बोट ठेवून सांगाचं. कवापासून, ते सांगाचं. काय केलं का वाढते. आन काय करता येत नाही, ते पहिले सांगाचं."

"लाज वाटते वो," एक म्हणायची.

"दुखाची लाज वाटत नाही ना? मंग सांगाची काहून वाटते?"

ज्यांना अजिबात बोलवत नसे, त्यांच्यासोबत ती आत जायची आणि त्यांच्या वतीनं सांगायची. मोठ्या डॉक्टरांसमोरही. त्यांच्या टेबलापाशी उभी राहून एकदा म्हणाली, "साहेब, हिले हात लावून पाहा, मंग लिहा." मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी चष्मा वर केला, तिच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची मागे सारून उठले.

गावातही तिनं एक गोष्ट केली. ती ज्या टोळीत वेचायची, तिथल्या बायांशी महिनाभर भांडून तिनं ठरवून घेतलं, की ज्यांच्या कमरा गेल्या आहेत त्यांनी पऱ्हाटीची वरची बोंडं वेचायची, उभ्यानं. खालची बोंडं तरण्या पोरींनी. गाठोडं उचलायचं ते ज्यांना कंबर आहे त्यांनी, असं ती म्हणायची. कुरकुर खूप झाली. तरण्या पोरी म्हणायच्या, आमच्या कमरा काय लोखंडाच्या आहेत? काही टोळ्यांत हे जमलंच नाही. तिच्या टोळीत टिकलं.

त्या उन्हाळ्यात जे झालं ते सांगताना मला अजून जड जातं. बाकावर एक मुकी-मुकी बाई यायची. मुकी नव्हती, बोलायची कमी. वयानं तिशीच्या आत. तिचं डोकं दुखायचं, आठवड्यातले चार-चार दिवस, उजेड सहन व्हायचा नाही. घरी नवरा आणि दोन लहान मुलं. घरातले लोक म्हणायचे, डोकं काय सगळ्यांचंच दुखतं. एका गुरुवारी तिचा नंबर यायच्या आधी ती शेजारी उभ्या असलेल्या त्या उंच बाईला हळूच म्हणाली, "डोक्स्यात घन पडतेत तवा फवारनीच्या डब्याकडं मन जाते माहं." एवढंच. आणि पिशवीतली भाजी नीट करू लागली.

उंच बाई तडक आत गेली. रांग मोडून, आत बसलेल्या रुग्णासमोर मॅडमना तिनं सांगितलं. मॅडमनी सगळं थांबवलं. त्या दिवशी ती डोकेदुखीची बाई दोन तास आत होती. तिला भरती करून घेतलं, मोठ्या डॉक्टरांनी यवतमाळला मनाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध ठरवलं. उंच बाई आणि आणखी दोघी तिच्या गावी गेल्या. नवऱ्याला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, घरातले सगळे डबे आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. त्यांच्या देखत त्यानं ते शेतातल्या कोठीत नेऊन कुलूप लावलं, आणि किल्ली शेजारच्या घरी ठेवली. ती बाई आज आहे. तिच्या मुलीचं लग्न झालं. डोकं अजून दुखतं, पण औषधानं दिवस कमी झालेत.

त्यानंतर एकदा मोठे डॉक्टर माझ्या खोलीत आले. वाळणाऱ्या फिल्म बघत उभे राहिले. म्हणाले, "मी समजत होतो माझं काम तिकडं आहे, विषबाधेच्या खाटेपाशी. ती माणसं आधी इथं तुमच्या बाकावर बसून गेली असतील, हे मला सुचलंच नाही." मी म्हटलं, मलाही नाही सुचलं, साहेब. ते गेले. पुढं मॅडम असेपर्यंत त्यांनी गुरुवारी दोन ते चार दुसरं काही ठेवू दिलं नाही.

वर्ष संपलं आणि मॅडमचा बाँड संपला. त्यांना पुढं शिकायचं होतं. जाताना बायांनी त्यांना साडी दिली, मॅडम रडल्या, बायाही रडल्या. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर तरुण होते, भले होते, पण गुरुवारी दुपारी त्यांना बैठकांना जावं लागायचं. बाक तसाच भरायचा. बाया चार वाजेपर्यंत बसून राहायच्या, एकमेकींशी बोलायच्या आणि जायच्या. मला वाटलं आता हे संपेल. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, संपलं नाही. पण आत बसणारं कोणी पाहिजे होतं.

तेव्हा अर्ज लिहायचं ठरलं. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातून दुखण्याचे जाणकार डॉक्टर महिन्यातून एका गुरुवारी तरी पाठवावेत, एवढीच मागणी. मी लिहून दिला, बायांनी सह्या-अंगठे केले, सासूनंही अंगठा केला. तो द्यायला ती बाई आणि मी यवतमाळला गेलो. मी त्या दिवशी रजा टाकली होती.

कलेक्टर साहेबांची वाट पाहत आम्ही कार्यालयाच्या व्हरांड्यात तीन तास होतो. आत गेल्यावर साहेबांनी अर्ज चाळला. त्या दिवसांत त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता, सगळा शेतकरी कुटुंबांच्या मदतीचा. त्यांनी विचारलं, "यातल्या कोणाच्या घरी आत्महत्या झालेली आहे का?"

"नाही, साहेब," बाई म्हणाली. "होऊ नये म्हणूनच आलो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. खुर्चीवर बसा म्हणाले. तिनं सांगितलं की बसता येत नाही, आणि का येत नाही तेही सांगितलं, बोट ठेवून, पहिल्यापासून. त्यांनी ऐकलं. शेवटी म्हणाले, पाहतो. अर्जावर काहीतरी लिहिलं. त्या दिवशी तेवढंच.

ते पुढं मंजूर झालं, पण आठ महिन्यांनी. महिन्यातून एकदा यवतमाळहून एक डॉक्टर यायचे. दोन वर्षं नियमानं आले, मग मध्ये बंद पडलं, मग बायांनी पुन्हा अर्ज केला. माझी बदली वणीकडे झाली तेव्हा ते चालू होतं. आता आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या पायातली आग गेली नाही. नागपूरला मोठी तपासणी झाली, नस दिसली, ऑपरेशनचा भरवसा डॉक्टरांनी दिला नाही, आणि तिनं करून घेतलं नाही. गोळ्या, व्यायाम, उभ्यानं काम, असं तिचं चालू राहिलं.

त्या अर्जाच्या दिवशी यवतमाळहून परतताना एसटी भरलेली होती. मला मागं एक जागा मिळाली. पुढच्या सीटवरचा एक माणूस उठून तिला म्हणाला, बसा बाई. ती म्हणाली, नको. कंडक्टरनंही सांगितलं, "जागा हाय तर बसा ना, दोन तास उभ्या राहान का?"

"मले उभंच बरं पडते," ती म्हणाली.

मला बसवेना. मी उठून तिच्या शेजारी दांडी धरून उभा राहिलो. ती हसली. "तुमी कायले उठले, भाऊ? तुमाले कुठं काय दुखते?"

तरी मी तासभर उभा होतो. मग पोटऱ्या भरून आल्या आणि मी मागं जाऊन बसलो. ती उभीच. गाडी खड्ड्यात आदळली की तिचा दांडीवरचा हात घट्ट व्हायचा, डोळे मिटायचे, मग पुन्हा ती खिडकीबाहेर पाहू लागायची. बाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, काही वावरांत बाया वाकलेल्या दिसत होत्या.

तिच्या गावचा फाटा आला. ती डावा पाय आधी टाकून, मग उजवा, दोन्ही हातांनी दाराला धरून एकेक पायरी उतरली. खाली पोचल्यावर तिनं पिशवी खांद्याला लावली आणि गावाकडच्या कच्च्या रस्त्यानं चालू लागली. कंडक्टरनं घंटी मारली.